कर्नल अद्ययावत केल्यावर संगणक सुरू होत नसेल तर

उबुंटू किंवा डेबियन या लिनक्स प्रणालींवर नवा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, बसल्यानंतर संगणक सुरू झाला नाही, की बहुतेक जण ग्रबला, म्हणजे कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामला, दोष देतात आणि सगळी यंत्रणा नव्याने टाकायला बसतात. ही घाई करू नये. कर्नल आणि इनिटरॅमएफएस (सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हरांचे गाठोडे) मेमरीत आणून कर्नलच्या हाती सूत्रे देणे एवढेच ग्रबचे काम असते. त्यामुळे ग्रबची यादी दिसून नंतर गाडी अडत असेल, तर ग्रब सहसा धडधाकट असतो आणि बिघाड पुढच्या टप्प्यावर असतो. नाशिकमध्ये अंबड-सातपूरच्या लहान कारखान्यांत हिशेबाचा संगणक यूपीएसविना चालवला जातो, तिथे अपडेट चालू असताना वीज गेली तरी हाच प्रसंग ओढवतो.

पहिला उपाय जुन्या कर्नलचा. संगणक सुरू होताना जुन्या बायोसवर (संगणकाच्या मदरबोर्डमधील सुरुवातीचा प्रोग्राम) शिफ्ट दाबून धरावी, त्याचा नवा प्रकार यूईएफआय असल्यास एस्केप एकदाच दाबावी. एस्केप जास्त वेळा दाबली गेली आणि ‘ग्रब’ असा प्रॉम्प्ट आला, तर ‘नॉर्मल’ टाइप करून एंटर दाबावे व लगेच एकदा एस्केप दाबावी, म्हणजे यादी येते. यादीतील ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये आधीचा कर्नल बहुधा असतोच, तो निवडावा.

त्यावर संगणक चालू झाला, की कर्नलच्या फायली असलेल्या /बूट फोल्डरात किती जागा उरली आहे ते पाहण्यासाठी टर्मिनलमध्ये ‘डीएफ -एच /बूट’ हा आदेश द्यावा. बूटचे विभाजन (पार्टिशन) स्वतंत्र असेल, तर ते जुन्या कर्नलांनी काठोकाठ भरलेले आढळण्याची शक्यता मोठी. मग ‘एलएस -एलएच /बूट’ने फायली नीट पाहाव्यात: प्रत्येक ‘व्हीएमलिनझ’ (कर्नलची फाईल) शेजारी त्याच क्रमांकाची ‘इनिटआरडी’ (म्हणजे इनिटरॅमएफएसची) फाईल हवी. ती नसेल, किंवा तिचा आकार इतरांपेक्षा फारच कमी असेल, तर ‘अनेबल टू माउंट रूट एफएस’ या संदेशाचा उगम तिथेच आहे असे समजावे, कारण डिस्कपर्यंत पोहोचण्यासाठी लागणारे ड्रायव्हर कर्नलला त्या फाईलमधून मिळतात.

जागा करताना ‘यूनेम -आर’ने चालू कर्नलचा क्रमांक टिपून घ्यावा आणि त्याला हात न लावता त्याहून जुने कर्नल ‘एपीटी पर्ज’ने काढावेत. बूटमधील फायली थेट पुसण्याचा मोह टाळावा. तसे केल्याने पॅकेजची नोंद आणि प्रत्यक्ष फायली यांचा मेळ बसत नाही. त्यानंतर ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ने अर्धवट राहिलेले काम पूर्ण करावे, नव्या क्रमांकासाठी ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -सी -के’ चालवावे आणि शेवटी ‘अपडेट-ग्रब’. हे सर्व आदेश ‘सुडो’ लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, द्यावेत. अपडेट-ग्रबच्या उत्तरात नव्या क्रमांकापुढे लिनक्स इमेज आणि इनिटआरडी इमेज सापडल्याच्या दोन्ही ओळी दिसल्याशिवाय रीबूट करू नये.

यादीऐवजी थेट ‘ग्रब रेस्क्यू’ असा प्रॉम्प्ट आला, तर मात्र दुखणे ग्रबचेच आहे. अशा वेळी लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरून थेट चालणाऱ्या लिनक्सवरून) संगणक सुरू करून डिस्कवरील मूळ (रूट) विभाजन, बूट आणि यूईएफआय असल्यास ईएफआय विभाजन माउंट करावे, डेव्ह, प्रोक व सिस हे फोल्डर त्यात बाइंड करावेत (जोडावेत), ‘क्रूट’ आदेशाने त्या डिस्कवरील यंत्रणेत जाऊन ‘ग्रब-इन्स्टॉल’ आणि ‘अपडेट-ग्रब’ चालवावे. जुन्या बायोसवर ग्रब-इन्स्टॉलला संपूर्ण डिस्कचे नाव द्यावे, विभाजनाचे नव्हे.

रीबूटनंतर ‘यूनेम -आर’ नवा क्रमांक दाखवते का, वायफाय आणि प्रिंटर पूर्वीसारखे चालतात का, हे तपासावे आणि तोवर आधीचा कर्नल बूटमध्ये राहू द्यावा.