ब्लूबेरी लावताय? आधी मातीचा सामू मोजा

थंडी ओसरत आली की रोपांच्या खरेदीची घाई सुरू होते. ब्लूबेरीचे रोप पालवी फुटण्याआधी, विश्रांतीत असतानाच लावावे हे बरोबर आहे. पण रोप घरी आणण्याआधी मातीचा सामू (pH) मोजा; तो जितका कमी, तितकी माती जास्त आम्ल. घरच्या बागेतली ब्लूबेरी कीड-रोगांपेक्षा मातीमुळेच जास्त मरते.

या झुडपाला आम्ल जमीन लागते. सामू ४.५ ते ५.५ हवा, त्यातही ५ च्या आसपास उत्तम. भाजीपाल्याला मानवणारा साडेसहाचा सामू ब्लूबेरीला चालत नाही. साडेसहा आणि साडेपाच यांत फरक एकाचाच दिसतो, पण आम्लता दहापट बदललेली असते. सामू जास्त असला की मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हा केवडा, म्हणजे पानांचा पिवळेपणा, दिसला की बरेच जण खत वाढवतात आणि झाड आणखी खालावते. लोहाच्या फवारणीने पाने थोडे दिवस हिरवी दिसतील, पण मूळ दुखणे सामूचे आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ही रानबेरी बागेत रुळतच नाही असा समज होता. अमेरिकेच्या कृषी खात्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी १९१० मध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध करून तिला आम्ल माती लागते हे दाखवून दिले. पुढे न्यू जर्सीत एलिझाबेथ व्हाइट यांच्यासोबत त्यांनी रानातली निवडक झुडपे जमवली आणि १९१६ मध्ये लागवडीच्या ब्लूबेरीचा पहिला माल बाजारात गेला. त्याआधी लोक चांगली मशागत करत, चुना आणि शेणखत घालत, आणि त्यानेच झाडे जात. आजही घरोघरी नेमके हेच होते.

माती तपासायला सामू-पट्टी किंवा मीटर वापरा, शक्य असेल तर प्रयोगशाळेत नमुना द्या. एक सोपी चाचणी घरीही करता येते. कोरड्या मातीवर थोडे व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर जमीन चुनखडीची आहे. अशा जमिनीत ब्लूबेरीचा नाद सोडा आणि सरळ कुंडी घ्या, कारण तिथे कितीही गंधक घातले तरी चुना ते जिरवून टाकतो.

सामू थोडाच जास्त असेल तर गंधकाची भुकटी कामाला येते. सामू एका अंकाने उतरवायला हलक्या, वाळूमिश्रित जमिनीत चौरस मीटरला साधारण ४० ग्रॅम आणि पोयट्याच्या जमिनीत १२० ग्रॅमच्या आसपास गंधक लागते. मात्र गंधकाचे आम्ल मातीतले जिवाणू करतात, आणि त्यांना ऊब, ओल आणि काही महिने द्यावे लागतात. म्हणून माझा आग्रह असा, की जमिनीत लावायचे असेल तर या हंगामात फक्त गंधक मिसळा, उन्हाळा जाऊ द्या, सामू पुन्हा मोजा आणि रोप पुढच्या हंगामात लावा. थांबवत नसेल तर यंदा कुंडीत लावा.

कुंडीत सगळे आपल्या हातात राहते. सुरुवातीला २० लिटरची पुरते, पुढे ४० ते ५० लिटरची लागते. पीट मॉस (दलदलीतल्या शेवाळाचे आम्ल खत-माध्यम) आणि पाइनच्या सालीचा बारीक चुरा निम्मा-निम्मा, त्यात थोडे परलाइट (हलके, पांढरे खनिज दाणे), हे मिश्रण उत्तम. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, वापरायचे तर आधी दोन-तीन पाण्यांत धुऊन क्षार काढा. त्याचा सामू पीटपेक्षा जास्त असतो, हेही लक्षात ठेवा. बागेतली माती, राख आणि गांडूळखत या मिश्रणात नको.

ब्लूबेरीची मुळे केसासारखी बारीक असतात, त्यांना मूलरोम (पाणी शोषणारे सूक्ष्म केस) नसतात आणि ती वरच्या थरातच पसरतात. त्यामुळे ती लवकर सुकतात आणि पाणी साचले की तितक्याच लवकर कुजतात. जड जमिनीत ३० सेंटिमीटर उंच गादीवाफा करा. रोप पिशवीत जेवढे खोल होते तेवढेच लावा, बुंध्याभोवती पाइनच्या सुया, साल किंवा लाकडाच्या चुऱ्याचे ८ ते १० सेंटिमीटर आच्छादन द्या आणि खोडाजवळ चार बोटे जागा मोकळी सोडा. खुरपणी करू नका, तण हाताने उपटा. दोन झाडांत सव्वा ते दीड मीटर अंतर ठेवा आणि जागा दिवसाला किमान सहा तास ऊन येणारी निवडा.

पाण्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. भांड्यांवर पांढरे पापुद्रे धरणारे जड पाणी रोज घातले तर तयार केलेली आम्ल माती हळूहळू बिघडते. पावसाचे पाणी साठवून वापरा. ते नसेल तर पाण्यात थोडे सायट्रिक आम्ल घालून सामू साडेपाचपर्यंत उतरवा, दर वेळी पट्टीने तपासून.

नत्र अमोनियमच्या रूपात द्या. नायट्रेटचे खत या झाडाला नीट पचत नाही. अमोनियम सल्फेट चांगले, पण पहिल्या वर्षी एका वेळी १५ ते ३० ग्रॅमपेक्षा जास्त नको, तेही रोप रुजल्यावर. कुंडीत त्याहून कमी. उन्हाळा संपताना नत्र बंद करा.

वाण थंडी पाहून निवडा. ड्यूक, ब्लूक्रॉप यांसारख्या उत्तरी वाणांना ७ अंश सेल्सिअसखालचे ८०० ते १००० तास लागतात. सौम्य हिवाळ्यात त्यांचे डोळे उशिरा आणि तुटक फुटतात, तिथे मिस्टी, शार्पब्लू, बिलॉक्सी हे कमी थंडीचे वाण घ्या. एकाच वेळी फुलणारे दोन वेगळे वाण जवळ लावले तर फळे मोठी आणि जास्त धरतात. ब्लूबेरीच्या रॅबिटआय या गटात तर दुसरा वाण हवाच.

पहिली दोन वर्षे फुले खुडून टाका. जिवावर येते, पण त्या ताकदीवर झाड बांधले जाते. त्या काळात छाटणी मेलेल्या आणि मोडक्या फांद्यांपुरतीच. पुढे दर वर्षी विश्रांतीच्या काळात सर्वांत जुन्या एक-दोन फांद्या बुडापासून काढा. फळ गेल्या वर्षीच्या फुटव्यावर येते, म्हणून सगळे शेंडे सरसकट कापू नका.

फळे रंगू लागताच जाळी लावा, पक्षी एका सकाळीत झाड रिकामे करतात. जाळी फांद्यांवर टाकू नका, सांगाड्यावर ताणा आणि कडा जमिनीला दाबून घ्या. फळ निळे झाले की लगेच तोडू नका. देठाजवळची लाली जायला आणि गोडी भरायला आणखी काही दिवस लागतात, आणि तोडल्यावर फळात गोडी वाढत नाही. अंगठ्याने हलकेच लोटल्यावर जे आपोआप हातात येईल तेच फळ घ्या आणि बाकीच्यांसाठी तीन-चार दिवसांनी पुन्हा फेरी मारा.