पेशंट लिफ्टच्या झोळीतून आई पुढे घसरायची, त्यावरचा उपाय

पेशंट लिफ्ट म्हणजे आजारी माणसाला झोळीत (स्लिंगमध्ये) बसवून पलंगावरून खुर्चीत उचलून ठेवणारं चाकांचं यंत्र. आमच्याकडे दोष लिफ्टचा नव्हता, स्लिंगच्या मापाचा होता. स्लिंग मोठी असेल तर कंबर खाली जाते आणि माणूस मधूनच सटकतो. लहान असेल तर मांड्यांत रुतते. पाठीचा भाग माकडहाडापासून खांद्याच्या वरपर्यंत यायला हवा. मान धरवत नसेल तर डोक्याला आधार असलेलीच घ्या. टॉयलेट स्लिंग (शौचासाठी खालून मोकळी असलेली) सोयीची दिसते खरी, पण धड सावरता येत नसेल तर ती नकोच.

मापाची स्लिंग आणल्यावर फासे बदलले (फासे म्हणजे पट्ट्यांच्या टोकाची, लिफ्टच्या आकड्यात अडकवायची रंगीत घरं; रंगागणिक लांबी वेगळी): खांद्याला आखूड, पायाला लांब ठेवले की माणूस बसता राहतो, उलट केलं की आडवा होतो. घसरत असेल तर पायाचा फासा एक घर आखूड करा. दोन्ही बाजूंना रंग एकच हवा. पायाचे पट्टे मांड्यांखालून घेऊन एकमेकांतून ओवा.

उचलताना लिफ्टचे पाय (खालचे चाकांचे दोन दांडे) फाकवा. खुर्चीचे ब्रेक लावा. लिफ्टचे मात्र बहुतेक मॉडेलांत मोकळे ठेवतात, म्हणजे उचलताना ती आपोआप माणसाच्या वजनाखाली सरकते. चार-पाच सेंटिमीटर उचलून थांबा, सगळे फासे पाहा, मगच पुढे.

आणि हो, लिफ्ट घेण्याआधी पलंगाखालची मोकळी उंची मोजा. बॉक्सच्या पलंगाखाली तिचे पाय शिरतच नाहीत.