कच्च्या नोटबुक्सना ज्युपिटेक्स्टच्या सिंकमधून कसं वगळायचं

पावसाच्या नोंदींवर काम करणाऱ्या आमच्या गटात एकमेकांचा कोड तपासल्याशिवाय काही पुढे जात नाही. ज्युपिटर नोटबुक, म्हणजे कोड आणि आलेख एकत्र ठेवणारा दस्तऐवज, आयपीवायएनबी फाइलमध्ये असते. तिच्यातले बदल गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, वाचणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा. म्हणून आम्ही ज्युपिटेक्स्ट वापरतो; ते नोटबुक आणि तिची साधी पायथन स्क्रिप्ट एकमेकांशी जुळती ठेवतं, यालाच सिंक म्हणतात. त्याची सेटिंगची फाइल 'ज्युपिटेक्स्ट डॉट टॉमल' प्रकल्पाच्या मुळाशी ठेवली आहे. तिच्यात एकच ओळ: फॉरमॅट्ससमोर आयपीवायएनबी आणि पीवाय-परसेंट (टक्क्याच्या खुणांनी सेल, म्हणजे नोटबुकचे तुकडे, वेगळे दाखवणारी पायथन स्क्रिप्ट). प्रत्येक नोटबुकला जोडीची पायथन स्क्रिप्ट मिळते.

पण ही ओळ खालच्या सगळ्या फोल्डरांनाही लागू होते. 'कच्चं' या फोल्डरात मी नुसते आलेख काढून बघते. त्यांच्या स्क्रिप्ट्स कुणाला हव्यात?

बरेच जण त्या गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने दुर्लक्ष करायच्या फाइल्सच्या यादीत, टाकतात. मला ते पटत नाही. ज्युपिटेक्स्ट सिंक करताना गिटइग्नोर बघत नाही. स्क्रिप्ट डिस्कवर बनतेच, फक्त गिटला दिसत नाही. आणि सिंक करताना दोघांपैकी जी फाइल नंतर बदलली असेल तिच्यातले सेल खरे धरले जातात. न दिसणारी स्क्रिप्ट चुकून बदलली तर तोच मजकूर नोटबुकात येतो. म्हणून जोडीच लागू देऊ नका.

त्यासाठी 'कच्चं'मध्ये दुसरी ज्युपिटेक्स्ट डॉट टॉमल ठेवा, अगदी रिकामी. ज्युपिटेक्स्ट नोटबुकच्या फोल्डरपासून वर शोधत जातं आणि पहिली सापडेल ती सेटिंग घेतं. रिकामी फाइल सापडली की शोध तिथेच थांबतो. मला हा उपाय फार आवडतो, कारण फोल्डर उघडणाऱ्याला कारण समोरच दिसतं. मात्र नोटबुकच्या मेटाडेटात (फाइलमध्येच साठवलेल्या तिच्याबद्दलच्या माहितीत) आधीच जोडी नोंदलेली असेल तर तीच वरचढ ठरते. तिथे फॉरमॅट्ससमोर फक्त आयपीवायएनबी ठेवा आणि उरलेली स्क्रिप्ट हाताने काढून टाका. एखादीच नोटबुक वगळायची असेल तरी हेच करा.

फाइंड ही फाइल्स शोधणारी कमांड वापरून सगळ्या नोटबुक्स एकदम सिंक करत असाल तर 'डॉट आयपीवायएनबी चेकपॉइंट्स' हे फोल्डर नॉट-पाथ हा पर्याय लावून वगळाच. ज्युपिटर तिथे नोटबुक्सच्या जुन्या प्रती ठेवतं, आणि मुळातली ओळ त्यांनाही लागू होऊन त्या लपलेल्या फोल्डरात स्क्रिप्ट्स तयार होतात.

प्री-कमिट (गिटमध्ये बदल नोंदवण्याआधी हुक नावाच्या तपासण्या आपोआप चालवणारं साधन) वापरत असाल तर त्याच्या सेटिंगमध्ये ज्युपिटेक्स्टच्या हुकखाली एक्सक्लूड, म्हणजे काय वगळायचं ते, लिहा. तिथे रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकूर जुळवण्याचा नमुना) चालतं, कमांड लाइनच्या शेलमध्ये चालतो तसा नुसता तारा (*) नाही, आणि ते पाथमध्ये कुठेही जुळतं. म्हणून सुरुवातीला कॅरेट (^, म्हणजे 'पाथच्या सुरुवातीपासूनच') लावा, नाहीतर त्याच नावाचं दुसरीकडचं फोल्डरही वगळलं जाईल.

शेवटी वगळलेल्या एका नोटबुकवर मुद्दाम सिंक चालवून बघा. ती जोडलेली नाही असा इशारा आला आणि शेजारी नवी स्क्रिप्ट दिसली नाही, की झालं.