जिल्हा परिषदेच्या प्रशालेत गणित शिकवताना : नव्या शिक्षकांसाठी

पवित्र पोर्टल या राज्याच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळामार्फत निवड होऊन जिल्हा परिषदेच्या लहान प्रशालेत रुजू होणाऱ्या शिक्षकाला पहिल्याच दिवशी दहावीच्या निकालाची टक्केवारी ऐकवली जाते. बीड जिल्ह्यातील अशाच एका प्रशालेत मी गणित शिकवतो. एका वर्षी आमच्या दहावीच्या पटावर 22 मुले होती. त्यांतील दोघे अनुत्तीर्ण झाले आणि आदल्या वर्षीचा 100 टक्के निकाल 90.9 वर आला. मुलांच्या तयारीत मला तेवढा फरक दिसला नव्हता. म्हणून लहान पटाच्या शाळेत टक्केवारीपेक्षा एकेका मुलाची वही पाहावी, हे मी आग्रहाने सांगतो.

खरी अडचण नववीत उघडी पडते. एका मुलीने दोन चलांतील रेषीय समीकरणे अगदी नेटकेपणाने सोडवत आणली, 7y = 84 येथपर्यंत पोहोचली आणि थांबली. रीत तिला पाठ होती, पण भागाकार येत नव्हता. दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जाऊन उन्हाळ्याच्या तोंडावर परतणाऱ्या या मुलीची प्राथमिकची कितीतरी वर्षे अशी अर्धीच झाली होती, आणि तरीही ती वरच्या वर्गात येत राहिली होती. तिला 'ढ' म्हणणे हा अन्याय आहे.

त्यामुळे जूनमध्ये पाठ्यपुस्तक लगेच उघडू नये. पहिले दोन आठवडे पाढे, भागाकार, अपूर्णांक आणि शाब्दिक उदाहरणाचे वाचन तपासावे, तेही तोंडी, कारण कोऱ्या कागदावरून मूल नेमके कुठे अडले ते कळत नाही. हंगामी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांना दिवाळीपूर्वीच घरी जाऊन भेटावे. एकदा मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेऊन गाडी भरली की बोलणे उशिराचे ठरते, मात्र आजी-आजोबा गावात राहणार असतील तर मूल मागे ठेवायला पालक बहुधा तयार होतात. आठवीतील मुलांना एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेला अवश्य बसवावे. निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी मिळणारे 12,000 रुपये अशा घरात शाळा सुटू न देण्याचे कारण ठरतात.

दहावीच्या गणितात दोन भागांचे 40-40 गुण लेखी आणि 20 गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. हे 20 गुण सढळ हाताने देऊन निकाल सावरण्याचा मोह होतो. मीही सुरुवातीला तसे केले आणि त्यातून कच्ची मुले माझ्याच नजरेआड झाली, याचे मला आजही वाईट वाटते.

निकालाच्या दिवशी अनुत्तीर्ण मुलाच्या घरी स्वतः जावे. पुरवणी परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत थोडी असते, आणि एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीने, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवण्याच्या सवलतीने, अकरावीला प्रवेश मिळतो, हे त्या घरात बहुतेक वेळा कोणालाच ठाऊक नसते.