अनोळखी सुटा भाग ओळखताना

खणाच्या तळाशी सापडलेला अनोळखी सुटा भाग पुसून लखलखीत करण्याचा मोह आधी आवरावा, कारण त्यावरची झीज, रंगाचे कण आणि ग्रीसचा थर यांवरूनच त्याच्या मूळ जागेचा माग लागतो. एकाच बाजूला चकाकी असेल, तर तो तिथे कशावर तरी घासत होता असे समजावे.

आटे असतील, तर नुसत्या जाडीवर विसंबू नये. एम ६ (म्हणजे ६ मिलिमीटर व्यासाचा मेट्रिक बोल्ट) आणि पाव इंची बोल्ट यांच्या व्यासांत जेमतेम ०.३५ मिलिमीटरचा फरक असतो, जो डोळ्यांना जाणवत नाही. मात्र एका आट्याच्या माथ्यापासून पुढच्या दहाव्या माथ्यापर्यंतचे अंतर मोजल्यास नेहमीच्या एम ६ मध्ये ते १० मिलिमीटर भरते, तर जाड आट्यांच्या पाव इंची बोल्टमध्ये १२.७. (नट दोन फेऱ्यांनंतर अडकू लागला, तर पान्याने जोर लावू नये, आटे मरतात.) बोल्टच्या डोक्यावरचा ८.८ हा आकडा माप नसून ताकदीचा दर्जा असतो, हेही पुष्कळदा गोंधळाचे कारण ठरते.

आटे नसलेली, सुमारे ५ मिलिमीटर जाडीची आणि एका टोकाला पसरट असलेली खुंटी बहुधा कपाटाच्या फळीचा आधार निघते. कोणाला दाखवण्यासाठी फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेवावी.