नाट्यपदांचा संग्रह टॅग करताय? या चुका टाळा

कॅसेटवरून उतरवलेली नाट्यपदं, मिरजेच्या उरुसातली रेकॉर्डिंग, कुणीतरी पेन ड्राइव्हवर दिलेली भजनं, आणि निम्म्या फायलींचं नाव ‘ट्रॅक ०१’. सांगली-मिरज पट्ट्यातल्या बहुतेक घरगुती संग्रहांचं हेच चित्र. शीर्षक, गायक अशी जी माहिती फायलीच्या आतच साठवली जाते तिला टॅग म्हणतात; ती भरणारं, विंडोजवर मोफत मिळणारं एमपी३टॅग हे सॉफ्टवेअर हा पसारा आवरायला पुरेसं आहे. काम बिघडतं ते सॉफ्टवेअरमुळे नाही, तर कोणत्या रकान्यात काय भरायचं हे न ठरवता सुरुवात केल्यामुळे.

सगळं शीर्षकात कोंबणं

‘पद, गायक, राग, ताल, नाटक’ असं लांबलचक शीर्षक केलं की पुढे ‘भीमपलासातली सगळी पदं दाखव’ म्हणायची सोय उरत नाही. आधी कागदावर ठरवा. आर्टिस्ट म्हणजे गाणारा. कंपोझर म्हणजे चाल बांधणारा. लिरिसिस्ट म्हणजे पदकर्ता. हरिपूरच्या देवलांचं नाव जायचं ते इथे, आर्टिस्टमध्ये नाही. अल्बम म्हणजे कॅसेट किंवा सीडी. नाटकाला वेगळा रकाना. इयरमध्ये रेकॉर्डिंगचं वर्ष टाका, नाटक रंगभूमीवर आलं ते नव्हे. नाहीतर शंभर वर्षांच्या अंतराची दोन रेकॉर्डिंग एकाच साली दिसतील. वर्ष माहीत नसेल तर रकाना रिकामा ठेवा, अंदाज ठोकू नका.

राग, ताल आणि नाटक हे रकाने आपले आपण जोडायचे: टूल्स, ऑप्शन्स, टॅग पॅनेल. इथे हमखास होणारी चूक म्हणजे फील्डचं, म्हणजे रकान्याचं, नावच देवनागरीत देणं. फ्लॅक (दर्जा न घटवता ध्वनी साठवणाऱ्या) फायलींच्या टॅगमध्ये फील्डच्या नावाला साधी रोमन अक्षरंच चालतात. आतला मजकूर खुशाल मराठीत असू द्या. म्हणून फील्ड रोमनमध्ये आणि शेजारचं लेबल मराठीत. स्पेलिंगही एकच धरा. एकदा दोन ‘ए’ आणि एकदा एकच ‘ए’ घालून ‘राग’ लिहिलं, तर सॉफ्टवेअरच्या लेखी ती दोन वेगळी फील्ड आहेत.

हेच फील्ड यादीत कॉलम म्हणून हवं असेल तर यादीतल्या कॉलमांच्या नावांच्या पट्टीवर राइट क्लिक करून ‘कस्टमाइज कॉलम्स’ उघडा. तिथे व्हॅल्यू आणि फील्ड या दोन्ही जागी तेच नाव, दोन्ही बाजूंना टक्क्याची खूण लावून भरायचं. फील्डची जागा मोकळी राहिली तर कॉलम दिसतो, पण त्यात टाइप करता येत नाही. ‘कॉलम आहे, पण लिहू देत नाही’ या तक्रारीमागे बहुधा हेच असतं.

एवढं केलं तरी फोनवर किंवा गाडीत राग दिसत नाही, कारण तिथले प्लेअर असे जास्तीचे रकाने सहसा वाचत नाहीत. त्यासाठी मूळ संग्रह बिघडवू नका. फोनसाठी वेगळी प्रत काढा आणि त्या प्रतीवर ‘फॉरमॅट व्हॅल्यू’ ही ॲक्शन (एमपी३टॅगमधली तयार आज्ञा) चालवून शीर्षकाच्या शेवटी राग जोडा.

‘कीप’ पुसून टाकणं

चाळीस फायली एकदम निवडल्या की ज्या रकान्यात वेगवेगळी माहिती आहे तिथे ‘कीप’ दिसतं, म्हणजे ‘आहे ते राहू दे’. ते खोडून काही टाइप केलं आणि सेव्ह केलं की चाळीसही फायलींना तेच शीर्षक बसतं. ‘ब्लँक’ निवडलं तर रकाना साफ. कंट्रोल-झेड दाबून मागे येता येतं, पण प्रोग्रॅम बंद केल्यावर नाही. म्हणून काम नेहमी प्रतीवर करा, मूळ फोल्डर दुसऱ्या डिस्कवर.

मराठी मजकुराचे घोळ

ऑप्शन्समधल्या टॅग्ज, एमपेग या भागात लिहिण्यासाठी ‘आयडी३ व्ही२.३ यूटीएफ-१६’ निवडा. आयडी३ म्हणजे एमपी३ फायलींच्या टॅगचा नेहमीचा प्रकार, व्ही म्हणजे त्याची आवृत्ती आणि यूटीएफ-१६ म्हणजे देवनागरीही साठवणारी अक्षरपद्धत. व्ही२.४ नवं असलं तरी जुने कार स्टिरिओ ते वाचताना अडखळतात. व्ही१ तर बंदच करा: शीर्षकाला ३० अक्षरं आणि देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं. सेटिंग बदलल्यावर जुन्या फायली आपोआप बदलत नाहीत. सगळ्या निवडून कंट्रोल-एस दाबावं लागतं.

चूक नेमकी कुठे आहे ते असं ओळखा. एमपी३टॅगमध्येच प्रश्नचिन्हं दिसत असतील तर मजकूर गेला, पुन्हा टाइप करा. तिथे मराठी नीट आहे आणि गाडीत चौकोन दिसतात, तर स्टिरिओत देवनागरी फॉन्टच नाही. कितीही सेटिंग फिरवली तरी उपयोग नाही, गाडीसाठी रोमन प्रत करा. आणि डीटीपीवाल्याकडून श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून आणलेली यादी चिकटवली असेल तर अगम्य रोमन अक्षरं दिसतील. ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

‘बालगंधर्व’ आणि ‘बालगन्धर्व’, ‘पं.’ लावलेलं आणि न लावलेलं नाव हे प्लेअरला वेगवेगळे कलाकार वाटतात. त्याहून छुपा प्रकार ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’चा. ही जोडाक्षरं दोन तऱ्हांनी साठवली जातात. डोळ्यांना सारखीच दिसतात, शोधताना मात्र ‘वऱ्हाडी’ सापडत नाही. ‘रिप्लेस’ ॲक्शनने सगळीकडे एकच रूप करून घ्या. कीबोर्ड बदलला की हा घोळ पुन्हा उगवतो.

बदल सेव्ह होतो, पण दिसत नाही

एमपी३टॅगमधला ‘टॅग’ कॉलम बघा. तिथे एपीई (टॅगचा आणखी एक प्रकार) दिसत असेल तर फायलीत दोन टॅग बसले आहेत. आवाज सारखा करणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमनी तो मागे ठेवलेला असतो. एक प्लेअर एक वाचतो, दुसरा दुसरा. आयडी३मध्ये पूर्ण माहिती आहे याची खात्री करा, मग एमपेग ऑप्शन्समध्ये ‘रिमूव्ह’खाली फक्त एपीईला टिक ठेवून टॅग काढा. आयडी३ची टिक चुकून राहिली तर तोही जाईल.

आपोआप माहिती भरण्यावर भिस्त

म्युझिकब्रेन्झ पिकार्ड हे टॅग भरणारं सॉफ्टवेअर ध्वनीचा ठसा इंटरनेटवरच्या नोंदींशी जुळवून माहिती आणतं. बाजारात आलेल्या सीडींसाठी ते उत्तम, खासगी मैफिलीसाठी जवळपास निरुपयोगी. मोठा धोका ‘क्लिअर एक्झिस्टिंग टॅग्ज’चा: ते चालू असलं की तुम्ही हाताने भरलेले राग-ताल पुसले जातात. ते बंद ठेवा.

फायलींची नावं, मुखपृष्ठं

टॅगवरून फायलीचं नाव करताना ट्रॅक क्रमांक दोन अंकी ठेवा, नाहीतर १ नंतर १० येतो. देवनागरी नावं आखूड असू द्या: लिनक्सवर नावाला २५५ बाइटची मर्यादा आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. काना-मात्राही त्यातच मोजल्या जातात. मुखपृष्ठ ६०० बाय ६०० पिक्सेलचं जेपेग पुरे. ३ एमबीचं चित्र १२ पदांत घातलं की ३६ एमबी नुसत्या चित्रांचे.

टॅग आणि नावं बिनचूक असूनही गाडीत पदं उलटसुलट क्रमाने वाजत असतील तर टॅगला हात लावू नका. बरेच स्टिरिओ पेन ड्राइव्हवर फायली ज्या क्रमाने कॉपी झाल्या त्याच क्रमाने वाजवतात. पेन ड्राइव्ह फॉरमॅट करून फोल्डर एकेक करून, क्रमाने पुन्हा कॉपी करा.