प्रॉडक्ट मॅनेजमेंटची समर इंटर्नशिप करताय? या चुका टाळा

एमबीएच्या पहिल्या वर्षानंतरची समर इंटर्नशिप जेमतेम आठ-दहा आठवड्यांची. पहिला आठवडा ओळखीपाळखीत आणि निरनिराळ्या परवानग्या मिळवण्यात जातो, शेवटचा प्रेझेंटेशनच्या तयारीत. उरलेला वेळ खऱ्या कामाचा, आणि नेमका तोच बहुतेक जण स्लाइड सजवण्यात घालवतात. इंटर्नची मेंटॉर म्हणून मी वर्षानुवर्षं त्याच त्या चुका बघते आहे. हुशार मुलांचा उन्हाळा असा वाया गेलेला बघवत नाही, म्हणून हे लिहिते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे डॅशबोर्डवरचा आकडा खरा धरून थेट उपाय शोधायला लागणं.

एका इंटर्नकडे खरेदीच्या अ‍ॅपचं चेकआउट दिलं होतं. फनेलचे, म्हणजे ग्राहकाच्या खरेदीपर्यंतच्या वाटेचे, टप्पे चार: कार्ट, पत्त्याचं पान, पत्ता सेव्ह, पेमेंट. पत्त्याच्या पानावर निम्म्याहून जास्त लोक गळताना दिसत होते. मुलगा कष्टाळू होता. फॉर्म लांब आहे, म्हणून लोक कंटाळतात, असं त्याने लगेच ठरवून टाकलं. मग रकाने कमी करणं, नकाशावरून पत्ता निवडायची सोय, डिझायनरच्या मागे लागून करून घेतलेले पर्याय, असं सगळं आठवडेच्या आठवडे चाललं. मधल्या रिव्ह्यूमध्ये एका इंजिनिअरने एकच प्रश्न विचारला, "ज्यांचा पत्ता आधीच सेव्ह आहे, त्यांच्यासाठी 'पत्ता सेव्ह'चा इव्हेंट जातो का?" (इव्हेंट म्हणजे ग्राहकाने अ‍ॅपमध्ये काही केलं की आपोआप होणारी नोंद.)

इव्हेंट जात नव्हता. जुन्या ग्राहकाने पत्त्याचं पान उघडलं की त्याचा पत्ता निवडलेलाच असायचा. तो 'पुढे जा' दाबून सरळ पेमेंटला जायचा. 'पत्ता सेव्ह'ची नोंद मात्र नवीन पत्ता टाइप केला तरच व्हायची. म्हणजे नेहमी खरेदी करणारे, कंपनीचे सगळ्यात चांगले ग्राहक फनेलच्या हिशेबात गळालेले! त्या फॉर्मला फारसं काही झालंच नव्हतं.

हे पहिल्याच दिवशी कळू शकलं असतं. फनेलच्या शेवटी दिसणाऱ्या ऑर्डर आणि डेटाबेसमधल्या प्रत्यक्ष ऑर्डर यांत मोठी तफावत होती, पण दोन्ही आकडे कुणी शेजारी ठेवून पाहिले नाहीत. माझ्या इंटर्नना मी आता पहिलं काम हेच देते. टेस्ट अकाउंट घ्या, एकदा नवा ग्राहक म्हणून आणि एकदा जुना ग्राहक म्हणून पूर्ण खरेदी करा, आणि शेजारी इव्हेंटचा लॉग उघडा ठेवून कुठल्या बटणावर कुठली नोंद होते ते हाताने लिहून काढा. काम कंटाळवाणं आहे, तरी त्याला पर्याय नाही. 'आयतं डॉक्युमेंट आहे का?' असं विचारणाऱ्यांना मी सांगते, असलं तरी आधी स्वतः करा, कारण अशी डॉक्युमेंटं बहुधा दोन-चार रिलीज मागे राहिलेली असतात.

प्रॉडक्ट मॅनेजरच्या भूमिकेचं मूळ ज्या मेमोमध्ये सांगितलं जातं, तो नील मॅकेलरॉय यांनी 1931 मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये लिहिला. धंदा ढिला असेल तिथे स्वतः जा, विक्रेते आणि ग्राहक यांच्याकडून प्रत्यक्ष समजून घ्या, हे त्यातही आहे.

ग्राहकांशी बोलतानाची चूक याच जातीची. "असं फीचर दिलं तर वापराल का?" या प्रश्नाला समोरचा माणूस भिडेखातर 'हो' म्हणतो, इंटर्न ते 'हो' मोजतो आणि स्लाइडवर मागणी सिद्ध झालेली असते. पुढे काय करणार हे विचारू नका, मागे काय केलं ते विचारा. शेवटची ऑर्डर कधी रद्द केली? त्याआधी स्क्रीनवर काय दिसलं? मग काय केलंत? आणि उत्तर आलं की थोडं गप्प बसा. कामाची गोष्ट बरेचदा त्या शांततेनंतर बाहेर येते, आणि घाईतला इंटर्न तोवर पुढच्या प्रश्नावर गेलेला असतो.

इथे 'पाच लोक पुरेत' हा आधार हमखास पुढे केला जातो. वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी 2000 मध्ये मांडलेला हिशेब वापरसुलभतेच्या चाचणीचा आहे: पाच जणांना वापरताना पाहिलं तर साधारण 85 टक्के अडचणी सापडतात. बटण कुठे सापडत नाही हे पाच जणांकडून कळेल. किती लोकांना ते फीचर हवंय, हे नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. राइस स्कोअर (किती लोकांपर्यंत पोहोचेल, किती परिणाम होईल, किती खात्री आहे आणि किती मेहनत लागेल यावरून कल्पनांना दिलेले गुण) काढताना प्रत्येक कल्पनेला पूर्ण कॉन्फिडन्स, म्हणजे खात्रीचे पूर्ण गुण, देऊ नका, नाहीतर ते तुमच्या आवडीनिवडीचंच कोष्टक होतं. ए/बी टेस्ट (दोन गटांना दोन वेगळ्या आवृत्त्या दाखवून केलेली तुलना) रोज उघडून बघायची आणि आकडा बरा दिसला की थांबवायची, हे चुकीचं आहे. असं डोकावत राहिलं की नुसत्या योगायोगाने जिंकल्यासारखं दिसण्याची शक्यता वाढते, म्हणून किती लोक आणि किती दिवस हे सुरुवातीलाच लिहून ठेवा. डेटाची परवानगी पहिल्याच दिवशी मागा. थोडं एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, शिकून या. प्रत्येक आकड्यासाठी अ‍ॅनालिस्टच्या दारात उभं राहिलात तर सगळे आठवडे वाट बघण्यातच जातील.

एआयकडून पीआरडी (प्रॉडक्टने काय करायचं हे सांगणारा दस्तऐवज) लिहून घेणाऱ्यांबद्दल माझं मत कडक आहे. मसुद्याची भाषा सुधारून घ्या, हरकत नाही. पण पेमेंट अर्धवट तुटलं तर ग्राहकाला काय दिसेल, या प्रश्नावर तुम्ही स्वतः विचार केलेला नसेल, तर इंजिनिअरच्या दुसऱ्या प्रश्नाला ते उघडं पडतं. इंटर्नच्या हातात अधिकार नसतो. टीम तुमचं ऐकते ती विश्वासावर, आणि तो एकदा गेला की उरलेल्या आठवड्यांत परत मिळत नाही.

शेवटची चूक निघतानाची. पीपीओच्या, म्हणजे इंटर्नशिपनंतर मिळणाऱ्या नोकरीच्या ऑफरच्या, काळजीत सगळे अखेरच्या प्रेझेंटेशनवर तुटून पडतात आणि हँडओव्हर राहून जातो. कुठली क्वेरी कुठे ठेवली आहे, काय तपासलं, कुठला अंदाज चुकीचा निघाला, कुठल्या प्रश्नाला कुणाकडे जायचं, एवढं एका पानावर लिहा. मी ते पान आधी मागते, डेक नंतर उघडते.